पिन बसली म्हणजे सोयरीक झाली का?

आमच्याकडे नवखा माणूस एसटीतून उतरला की पाण्याचा तांब्या हातात पडायच्या आत त्याला दोन प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात. "पाव्हणं कुण्या गावचं?" आणि "आडनाव काय म्हणलात?" पहिला प्रश्न नुसता रीत म्हणून असतो, खरं काम दुसऱ्याचं. बीड जिल्ह्यात जात कुणी कुणाला विचारत नाही. आडनाव विचारतात आणि मग गप्प बसतात.

अण्णा हीच चौकशी बॅटरीची करतात, आणि ते मात्र उघड उघड जात विचारतात.

"कोणती आणलीस? शिश्याची का लिथियमची? लिथियमची असली तर फॉस्फेट का कोबाल्ट? सेल किती? पोरी, हे ठावं नसंल तर चार्जर कोण्या तोंडानं मागायलीस?"

पोरगी बिचारी डोक्याला लावायच्या बॅटरीचा हरवलेला चार्जर मागायला आलेली असते. तिला एवढंच माहीत असतं की भावाच्या चार्जरची पिन हिच्यात बसते. ते ती बोलते, आणि अण्णांना हवं ते वाक्य मिळतं. डोळ्यावरचा चष्मा कपाळावर जातो. "पिन बसली म्हणजे सोयरीक झाली का?"

वडवणीकडून धारूरला जाताना आमचा फाटा लागतो. तिथं एक मोबाईल शॉपी आहे. शॉपी मुलाची, पण बाहेरचं बाकडं अण्णांचं. तीस वर्षं ते वीज मंडळात वायरमन होते. मंडळाची कंपनी झाली, अण्णा खांबावरच राहिले, आणि निवृत्त झाल्यावर खाली उतरून या बाकड्यावर बसले ते बसलेच. डोक्याला टोपी, अंगात नेहरू शर्ट, आणि कमरेला कापडी चंची. बाकीच्यांच्या चंचीत पान-तंबाखू असते, अण्णांच्या चंचीत मल्टिमीटर. पिवळा, एका कोपऱ्याला रबरबँड, आणि काळ्या वायरीच्या टोकाला जखमेवर लावतात तशी चिकटपट्टी. समोरच्यानं तंबाखूच्या आशेनं हात पुढं केला तर अण्णा त्या हातावर लाल वायर ठेवतात.

गाव त्यांना बॅटरीअण्णा म्हणतं. त्यात चष्म्याच्या भिंगांचाही वाटा आहे, कारण आमच्याकडे जाड चष्मेवाल्याला शाळेपासून बॅटरीच म्हणतात. तसं तर टॉर्चलाही बॅटरी म्हणतात आणि इन्व्हर्टरखालच्या डब्यालाही. त्यामुळं दुकानात येऊन "बॅटरी बसली" असं कुणी म्हणालं तर नक्की काय बसलं हे कळायलाच पहिली दहा मिनिटं जातात. ही दहा मिनिटं अण्णांना फार आवडतात.

माझी त्यांच्याशी खरी गाठ पडली ती फवारणीच्या पंपामुळं. श्रावणात कापसावर तुडतुडे पडले होते. घरातला चार्जिंगचा पाठीवरचा पंप जुना. त्यातली शिश्याची बॅटरी मेली, तेव्हा दुकानदारानं लिथियमची घालून दिली. वजन निम्म्याहून कमी झालं म्हणून वडील खूश, "तुमचाच चार्जर चालतो" असं तो म्हणाला म्हणून मी खूश. त्या दिवशी गावात लाईट नव्हती, फाट्यावर होती. (परळीला एवढं मोठं औष्णिक केंद्र आहे, पण तिथून आमच्या गावाला यायला विजेला वाटेत बरेच मुक्काम करावे लागतात.) पंप घेऊन शॉपीवर गेलो, चहा घेतला आणि कप हातात धरूनच चार्जर बोर्डाला लावायला वाकलो.

"हात काढ!"

विहिरीच्या काठावर गेलेल्या पोरावर ओरडावं तसे अण्णा ओरडले. माझ्या हातातला कप सांडला. त्यांनी पंपाचं खालचं झाकण उघडलं, हिरव्या प्लास्टिकच्या वेष्टणातला पॅक बाहेर काढला आणि आतले सेल बोटानं चाचपले. एक, दोन, तीन. "कोबाल्टच्या घरातली आहे ही. तीन सेल. एका सेलचं पोट ४.२ व्होल्टला भरतं. तिघांचं किती?"

मी बीडला कचेरीत हिशेबाचं काम करतो. "१२.६."

"आता तुव्हा चार्जर." मीटरची टोकं पिनेला लागली. आकडा १४.४ वर थांबला. "हा शिश्याचा. त्याच्या बॅटरीला इतकं लागतंच. हिला लावला तर एकेका सेलच्या वाट्याला किती?"

"४.८."

"मग?"

"पण अण्णा, दोन्हींवर १२ व्होल्टच लिहिलंय."

"बारा लिहिलंय म्हणूनच बारा वाजत्यात."

मग त्यांनी मला एकामागून एक तीन 'बारा' दाखवले, आणि कबूल करायला हरकत नाही, कचेरीत इतक्या वर्षांत इतका स्वच्छ हिशेब मला कुणी समजावला नव्हता. शिश्याची बारा व्होल्टची बॅटरी चौदा-साडेचौदापर्यंतचा चार्जर मागते. कोबाल्टच्या घराण्यातले तीन सेल जोडून जी 'बारा'ची होते तिला १२.६ च्या पुढं एक थेंब नको. फॉस्फेटचे चार सेल जोडून जी 'बारा'ची होते तिचा एक सेल ३.६५ ला भरतो, म्हणजे तिला १४.६ हवेत. तिघींची पिन एक, खोक्यावरचा आकडा एक, शेतकरीही एकच. मधलीला मोठा चार्जर लावला तर ती फुगते, तापते, कधी पेटते. फॉस्फेटवालीला १२.६ चा लावला तर एका सेलच्या वाट्याला ३.१५ येतात. दिवसभर चार्जिंगला ठेवा, उपाशीच उठणार, आणि तुम्ही शिव्या दुकानदाराला घालणार.

"आत एक रखवालदार असतो म्हणतात ना? तो तोडतो की," मी म्हणालो. बीएमएस नावाची हिरवी पट्टी असते एवढं मलाही ठाऊक होतं.

"असतो. रखवालदार आहे म्हणून तू दार उघडं टाकून निजतोस काय?"

त्यांच्या मते चार्जिंग म्हणजे पंगत. पहिल्यांदा भुकेलेल्याला सपाटून वाढायचं, तिथं हात आखडायचा नाही. पोट भरत आलं की वाढप्यानं हात हलका करायचा. एक चमचा, अर्धा चमचा, आणि पान पालथं पडलं की निघून जायचं. लिथियमच्या चार्जरला हे शेवटचं जमावं लागतं. शिश्याच्या बॅटरीचं तसं नाही, तिला रात्रभर थोडं थोडं चाटण लागतं, चार्जर शेजारी बसून भरवत राहतो. तो आग्रही वाढपी लिथियमच्या पंगतीला सोडायचा नाही, एवढं अण्णांचं सगळं विज्ञान. व्होल्ट जुळलेच पाहिजेत. अँपिअर कमी असले तर उशीर होईल, बाकी काही नाही; फार जास्त असले तर घास घशात अडकेल. २००० एमएएचच्या सेलला एक अँपिअर म्हणजे संसारी बेत.

त्या दिवशी कापूस तसाच राहिला. अण्णांनी १२.६ चा चार्जर काढून दिला, पण व्याख्यानाला इतका वेळ लागला की चार्जिंग होईस्तोवर पाऊस आला.

या विषयाचं शिक्षण अण्णांना नातवाकडून मिळालं. तो मोबाईलवरून वाचून दाखवतो, अण्णा डोळे मिटून ऐकतात. १९९१ साली सोनीनं लिथियम-आयन बॅटरी पहिल्यांदा बाजारात आणली, हे त्यांना घरातल्या लग्नाच्या तारखेसारखं पाठ आहे. पण त्यांचा खरा जीव गुंतलाय तो जॉन गुडइनफ या म्हाताऱ्यात. याच माणसानं १९८० मध्ये ऑक्सफर्डला कोबाल्टचा मार्ग दाखवला, आणि सतरा वर्षांनी टेक्सासमध्ये त्याच्याच प्रयोगशाळेतून लोहाच्या फॉस्फेटचा निघाला. त्या दुसऱ्या निबंधावर पहिलं नाव ए. के. पाढी असं आहे, हे ऐकल्यावर अण्णांनी नातवाला ते तीनदा वाचायला लावलं. "म्हणजे बग, दोघं एकाच बापाचे. सख्खे भाऊ. पण एकाचं पोट ४.२ चं, दुसऱ्याचं ३.६५ चं. सख्ख्या भावांचं जेवण सारखं नसतं आन् तुम्ही चुलत्याचा चार्जर घिऊन येता!"

गुडइनफना २०१९ मध्ये नोबेल मिळालं तेव्हा ते ९७ वर्षांचे होते. अण्णा अडुसष्टचे. "मव्हं वय आहे अजून," ते बायकोला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणतात.

खोट्या सेलवर त्यांचा विशेष राग. बोटापेक्षा थोडा जाड सेल असतो ना, १८ मिलिमीटर जाडीचा आणि ६५ लांबीचा, म्हणून त्याचं नाव १८६५०. त्याच्यावर कुणीतरी ९९०० एमएएच छापतं. चांगल्यातला चांगला सेल घ्या, साडेतीन हजाराच्या आसपास त्याची धाव. अण्णा असला सेल उचलून शेजारच्या किराणा दुकानात जातात आणि साखरेच्या काट्यावर ठेवतात. असली माल ४५ ग्रॅमच्या आगेमागे भरतो. काटा तिसावर थांबला की अण्णा तिथल्या सगळ्या गिऱ्हाइकांना ऐकवतात, "हा नवरदेवाचा बायोडाटा बगा. बागायती दहा एकर लिहिलंय, सातबाऱ्यावर दीड."

अण्णांच्या पुतण्यानं टीव्हीच्या रिमोटमध्ये पेन्सिल सेलच्या जागी तसलाच दिसणारा लिथियमचा सेल घातला त्याची गोष्ट लांबवत नाही. १.५ च्या जागी ३.७, आणि असे दोन. रिमोट गेला, आजीची मालिका गेली, आणि पुतण्या आठ दिवस काकाकडं जेवला.

दसरा झाला की मात्र बाकड्यावरची थट्टा कमी होते. आमच्या भागातली निम्मी घरं कुलूप लावून उसाला निघतात. कुणी सांगलीकडं, कुणी कोल्हापूरकडं, कुणी पार कर्नाटकातल्या कारखान्यावर. मुकादमाची उचल घेतलेली असते, ट्रॅक्टरवर संसार चढलेला असतो. भांडी, कोयते, बाजरीचं पोतं, कोंबडी, लेकरं. आणि प्रत्येक बिऱ्हाडाच्या एका पिशवीत चार्जरांचं भेंडोळं. पहाटे अंधारात डोक्याला बॅटरी बांधून ऊस तोडायचा, रात्री त्याच उजेडात गाडी भरायची. कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, लाईट नसते. दुसऱ्याच्या विहिरीवरच्या बोर्डावर वीस बिऱ्हाडांच्या बॅटऱ्या एकदम लागतात, आणि घाईत ज्याच्या हाताला जी पिन लागेल ती.

म्हणून निघायच्या आधी बायका भेंडोळं घेऊन अण्णांकडं येतात. तिथं अण्णा जात विचारत नाहीत, भेंडोळं मांडीवर घेतात. एकेक चार्जर मीटरला लावतात, एकेक बॅटरी उघडतात, आणि ज्याचा त्याला जोडून दोघांना एकाच रंगाच्या चिंध्या बांधतात. जुन्या लुगड्याच्या पट्ट्या असतात, अण्णांच्या घरच्या काकूंनी फाडून दिलेल्या. लाल काठ लाल काठाला, हिरवा हिरव्याला. "वाचायचं काय बी नाही. काठ बगायचा, लावायचं." पैसे घेत नाहीत. एकदा एका बाईनं विचारलं, अण्णा, एवढ्या चिंध्या कशाला, सगळ्यांना एकच चार्जर का काढत नाहीत हे कंपनीवाले? अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुम्ही इकडं असता तर इचारलं असतं त्यांना."

फुगलेल्या बॅटरीपुढं अण्णांची बोबडी वळते. मोबाईलची बॅटरी पुरीसारखी टम्म झाली की आमच्याकडे एक घरगुती उपाय आहे, सुई टोचून हवा काढणे. आतला द्रव बिघडून त्याचा वायू झालेला असतो. तो पेटू शकतो आणि फुप्फुसालाही चांगला नाही. एका पोरानं दुकानातच काकूंच्या पोतीतली सुई मागितली, तेव्हा अडुसष्ट वर्षांचे अण्णा बाकड्यावरून ज्या वेगानं उठले तो वेग त्यांनी नोकरीत कधी दाखवला नव्हता असं त्यांचे जुने सहकारी सांगतात. तेव्हापासून दाराशी वाळूची बादली आहे. फुगलेली बॅटरी तिच्यात जाते आणि बादली भिंतीपासून लांब, उघड्यावर.

माणूस इतका बरोबर असला की गावाला त्याची एक तरी चूक हवी असते. ती गेल्या उन्हाळ्यात सापडली. अण्णांना एकाएकी सगळ्यांच्या बॅटऱ्या जास्त भरलेल्या दिसायला लागल्या. ४.२ च्या जागी ४.५, ४.६. बारा व्होल्टच्या पंधरावर. त्यांनी आठ दिवसांत गावातले अकरा चार्जर बाद केले, दोन बॅटऱ्या वाळूत घातल्या आणि "लाईटचाच व्होल्टेज चढलाय" असा अर्ज कंपनीच्या कचेरीत देऊन आले. तिथं त्यांचाच जुना मदतनीस आता साहेब आहे. त्यानं अर्ज वाचला, अण्णांच्या चंचीतून मीटर घेतला, मागचे दोन स्क्रू काढले आणि आतली नऊ व्होल्टची बॅटरी काढून जिभेला लावून पाहिली. मेलेली. स्वस्तातल्या मीटरचं असंच असतं. स्वतःची बॅटरी उतरली की तो दुसऱ्याची वाढवून सांगतो.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो या दिव्याच्या पोटात होता. अण्णा दोन दिवस बाकड्यावर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले, अकरा घरी जाऊन अकरा चार्जर परत केले आणि प्रत्येक घरी चहा घेतला. बाराव्या घरी, म्हणजे स्वतःच्या, तो मिळाला नाही.

कारण काकूंचा मोबाईल. अण्णांच्या सगळ्या शास्त्राला उभा छेद देणारी ती वस्तू आहे. काकू त्याला मुलाचा चार्जर लावतात, सुनेचा लावतात, एसटीतला लावतात, पाहुण्याचा तर न विचारता लावतात, आणि मोबाईल चार वर्षं ठणठणीत. अण्णांचा स्वतःचा फोन ऐंशी टक्क्यांच्या वर चढू द्यायचा नाही आणि चाळीसच्या खाली उतरू द्यायचा नाही या नियमानं चालतो. म्हणून तो बहुतेक वेळ दुकानात तपासणीला असतो आणि लागत नाही. काकू एकदा सगळ्यांदेखत म्हणाल्या, "माझ्या सोयरिकीला कशी पिन बसली की चालतं?"

अण्णांनी उत्तर द्यायला एक दिवस घेतला. उत्तर मात्र खरं होतं. मोबाईलच्या बाबतीत आपण भिंतीला लावतो तो चार्जर नुसता पाच व्होल्ट घेऊन दाराशी उभा असतो; जास्त द्यायचं झालं तर आधी फोनशी बोलणी होतात. किती घ्यायचं, कधी थांबायचं हे आतलं सर्किट ठरवतं. खरा चार्जर फोनच्या आतच असतो. "तिथं सासू घरातच आहे," अण्णा म्हणाले. "पाव्हणा कोणी बी येऊ द्या, वाढायचं तीच ठरवती. पंपाच्या घरात सासू नाही." काकूंना उत्तर पटलं असावं, कारण त्यांनी चहा ठेवला.

आता सोयरिकीचं. अण्णा धाकट्या मुलासाठी स्थळ बघायला माजलगावकडं गेले, तेव्हा गाडीत मीही होतो. बैठक, सतरंजी, टोप्या, पोह्यांचा वास. मुलीच्या वडिलांनी शेती सांगितली, मुकुंदराज कोणत्या गावाचे इथपासून धरणाच्या पाण्यापर्यंत विषय झाले. अण्णांचं लक्ष नव्हतं. ते ओसरीच्या कोपऱ्यात बघत होते. तिथं एक विजेवरची स्कूटर चार्जिंगला लावलेली होती.

"ही बॅटरी मूळची?"

"न्हाई, शिश्याच्या चार काढल्या. परवाच लिथियमची टाकली, ४८ ची. चार्जर तोच चालतो. पिन बसती की."

मी डोळे मिटले. अण्णा पोह्यांची बशी खाली ठेवून उठले आणि यजमानाच्या घरात, मुलगी बाहेर यायच्या आधी, भिंतीतली पिन ओढून मोकळे झाले. बैठकीत शांतता. चंचीतून मीटर निघाला. चार्जर ५९ देत होता. पॅकमध्ये तेरा सेल. तेरा गुणिले ४.२ म्हणजे ५४.६. अण्णा वळून मुलीच्या बापाला म्हणाले, "सोयरीक होईल न होईल. पण रात्री ही लावून निजू नका."

मुलीच्या मामांना हा अपमान वाटला. टोपी सारखी करून ते काही बोलणार, एवढ्यात मुलगी पाण्याचा ट्रे घेऊन बाहेर आली. रिवाजाप्रमाणं कुणीतरी म्हणालं, विचारा हो काही. अण्णांनी विचारलं, "हा चार्जर कोणी लावला?"

"बाबांनी. मी नको म्हणत होते. पॅकच्या बुडाला ५४.६ लिहिलंय, चार्जरच्या पाठीवर ५९. बाबा म्हणले, बसतंय ना."

अण्णांनी मुलाकडं न बघताच सांगितलं, "मला पसंत आहे."

मग कुणाच्या तरी लक्षात आलं की मुलीलाही काही विचारायचं असेल. तिनं मुलाला एकच विचारलं, "दुकानात वाळूची बादली आहे का?" तो म्हणाला, आहे. पत्रिका कुणी काढलीच नाही. मंगळ कुणाला होता का हे अजूनही घरात ठाऊक नाही.

मार्गशीर्षात लग्न झालं. आता शॉपीचा गल्ला सूनबाई बघतात आणि अण्णा त्यांना 'बाई' म्हणतात, बाकीच्यांना अजून 'पोरी'. दारावर त्यांच्या अक्षरात खडूनं लिहिलेली पाटी आहे: चार्जर हवा असल्यास बॅटरी सोबत आणावी. फोटो चालणार नाही. 'बसतंय' म्हणणाऱ्यांनी बाहेर बाकड्यावर बसावं.

तुमचं त्या बाजूला जाणं झालं तर पंपाचा, स्कूटरचा, डोक्याच्या बॅटरीचा चार्जर तिथून जरूर घ्या, बॅटरी घेऊन जा, आणि तास-दीड तास हातात ठेवून जा. गाव कोणतं आणि आडनाव काय, हे तुम्हाला तिथं कुणी विचारणार नाही.